पोकलेन येण्याआधी: महापालिकेच्या कामासाठी पुरातत्त्व आणि वारसा सल्लागार कसा नेमावा

शहरातल्या बांधकामांसाठी वारसा सल्लागार नेमताना चूक बहुतेक वेळा माणूस निवडण्यात होत नाही, वेळ निवडण्यात होते. आधी आराखडा, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. पोकलेन जागेवर उभा राहिला की मग कोणीतरी विचारतं, ‘साहेब, इथे ते शंभर मीटरचं काही लागतं का?’ त्यानंतर घाईघाईने जो नेमला जातो तो सल्लागार नसतो, ना-हरकत दाखला आणून देणारा मध्यस्थ असतो.

खालचा क्रम महापालिका-नगरपरिषदांच्या अभियंत्यांसाठी आणि प्रकल्प सल्लागारांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. रस्ता, मलनिस्सारण वाहिनी, भूमिगत पार्किंग, मंडईची पुनर्बांधणी, काम कुठलंही असो, टप्प्यांची अदलाबदल करू नका. तिसरा टप्पा गाळून चौथ्यावर उडी मारली की पुढचं सगळं बिनसतं.

टप्पा १: जागा कोणाच्या अखत्यारीत येते ते एका पानावर लिहून काढा

चार याद्या तपासायच्या आहेत आणि चारही वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत.

१. केंद्र संरक्षित स्मारकं. यांना १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र (नव्या बांधकामाला बंदी), त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र (परवानगी घेऊनच काम). भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची महाराष्ट्रातली मंडळं मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. पुणे मुंबई मंडळाखाली येतं.

२. राज्य संरक्षित स्मारकं. यांना १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम लागू होतो आणि हे काम पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतं. केंद्राचे नियम इथे जसेच्या तसे चालवू नका. विभागीय सहायक संचालकांना पत्र देऊन लेखी उत्तर घ्या.

३. शहराची स्वतःची वारसा यादी. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशी वर्गवारी आहे, शिवाय वारसा परिसरही यादीत आहेत. तुमची इमारत यादीत नसेल पण गल्ली वारसा परिसरात असेल, तरीही फाइल वारसा संवर्धन समितीकडे जाऊ शकते.

४. जागतिक वारसा स्थळ आणि त्याभोवतीचं बफर क्षेत्र. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह (२०१८) हे माहीत असतं. पण २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांची नोंद झाल्यावर काही छोट्या गावांचा प्रश्न एकदम मोठा झाला. पन्हाळ्याची तर नगरपरिषदच किल्ल्यावर आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी जुन्नर आहे. तिथल्या अभियंत्याने बफरचा नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

> सावधान: अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजू नका. कायद्यातले १०० मीटर संरक्षित हद्दीपासून सुरू होतात. तटबंदी समोर दिसते म्हणून टेप तटबंदीला लावला जातो, आणि अधिसूचनेच्या नकाशातली हद्द तिच्या बाहेर निघते. पाच-दहा मीटरच्या फरकाने काम विनियमितमधून प्रतिबंधितमध्ये जातं आणि सगळा आराखडा रद्द होतो.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. कायद्यातल्या ‘बांधकाम’च्या व्याख्येतून गटारं व मलनिस्सारणाची कामं, सार्वजनिक शौचालयं, पाणीपुरवठा आणि वीजवितरणाची कामं वगळलेली आहेत. हे माहीत नसल्यामुळे साध्या जलवाहिनीसाठी सहा-सहा महिने पत्रव्यवहार चाललेला पाहिला आहे. पण ही सवलत म्हणजे डोळे मिटून खोदायची मुभा नव्हे. व्याख्येतून काम सुटलं तरी जमिनीतली वस्तू सुटत नाही, शिवाय संरक्षित हद्दीच्या आत ही सवलत उपयोगाची नाही. मंडळाला पत्र द्या, आपलं काम व्याख्येच्या कुठल्या भागात बसतं ते लिहा आणि पोच फाइलला लावा.

*तपासणी:* पानावर चार ओळी असाव्यात. प्रत्येक ओळीत यादीचं नाव, आपल्या जागेपासूनचं मोजलेलं अंतर, मोजणाऱ्याची सही आणि कार्यालयाचं पत्र क्रमांकासह. एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: कोणता तज्ज्ञ हवा ते ठरवा. हे वेगवेगळे पेशे आहेत

निविदांमध्ये ‘हेरिटेज कन्सल्टंट’ असा एकच शब्द असतो आणि त्याखाली चार माणसांची कामं कोंबलेली असतात.

संवर्धन वास्तुविशारद उभी इमारत बघतो. चुन्याचा दर्जा, कडीपाटाची वाळवी, दगडी भिंतीतला फुगवटा, छपराची गळती, मूळ काय आणि नंतर चिकटवलेलं काय, हे त्याचं क्षेत्र. तो वास्तुकला परिषदेकडे नोंदणीकृत असलाच पाहिजे. संवर्धनातली पदव्युत्तर पदवी ही त्यावरची अट. ‘हेरिटेज कन्सल्टंट’ या नावाला मात्र कुठलाही परवाना लागत नाही, कोणीही लेटरहेडवर छापू शकतो. म्हणून पदनाम वाचू नका, नोंदणी क्रमांक आणि पदवी वाचा.

पुरातत्त्वज्ञ जमिनीखालचं बघतो. मातीचे थर, खापरं, जुनं जोतं, बुजवलेली विहीर. त्याने विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत शिक्षण घेतलेलं असावं आणि प्रत्यक्ष उत्खननात खड्ड्याची जबाबदारी सांभाळलेली असावी. इतिहासाची पदवी आणि किल्ल्यांचं प्रेम एवढ्यावर हे काम होत नाही. गिर्यारोहक मित्रांनी रागावू नये.

तिसरा स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो जुन्या दगड-विटांच्या बांधकामाचा अनुभव असलेला हवा, नुसता आरसीसीवाला नको. खोल खोदाई किंवा पायलिंग असेल तर याच्याशिवाय चालायचं नाही. चौथा, नोंदणी आणि मोजणी करणारा माणूस. तो सहसा पहिल्या दोघांच्या कार्यालयातच असतो.

रस्ता किंवा वाहिनी असेल तर पुरातत्त्वज्ञ मुख्य आणि वास्तुविशारद साहाय्यक. वाड्याची किंवा मंडईची दुरुस्ती असेल तर उलट. भूमिगत स्टेशन किंवा दोन मजली तळघर असेल तर दोघंही मुख्य, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बरोबरीने.

> सावधान: सल्लागाराच्या कामात ‘पुरातत्त्वीय उत्खनन करणे’ असं लिहू नका. उत्खननाचा परवाना पुरातत्त्व खातं, विद्यापीठं आणि मान्यताप्राप्त संस्था यांना मिळतो. खासगी सल्लागार स्वतःच्या नावाने तो काढू शकत नाही. तुमच्या खोदाईवर लक्ष ठेवणं, नोंद करणं, थांबवण्याची सूचना देणं, हे तो करू शकतो. खरंच उत्खनन लागलं तर ते खात्याने किंवा विद्यापीठाने करायचं, आणि त्यासाठी कराराचा वेगळा कागद लागतो. ही एक ओळ चुकली की पहिल्याच बैठकीत खातं निविदा परत पाठवतं.

टप्पा ३: सल्लागाराला बोलावण्याआधी स्वतःची कपाटं उघडा

हा टप्पा सगळेच गाळतात, कारण याला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नसतं. खर्च दोन माणसांच्या पंधरा दिवसांचा आहे, आणि त्यावरच पुढचा दर ठरतो. जमिनीखाली काय असू शकतं याचा काहीच अंदाज दिला नाही तर चांगला सल्लागार धोका धरून दर वाढवतो आणि वाईट सल्लागार काहीच न धरता दर पाडतो. निविदा मग वाईटालाच मिळते.

जमवायचं ते असं: सिटी सर्व्हेच्या जुन्या शीट्स, महापालिकेचे जुने ड्रेनेज आणि पाणीपुरवठ्याचे नकाशे, जिल्हा गॅझेटिअरमधला शहराचा भाग, परिसरात पूर्वी झालेल्या उत्खननांचे अहवाल, आणि गेल्या वीस वर्षांत त्या रस्त्यावर झालेल्या खोदाईच्या नोंदी. शेवटची गोष्ट सर्वात कामाची आणि सर्वात दुर्लक्षित. निवृत्त फिटर आणि व्हॉल्व्हमन यांना चहाला बोलवा. ‘अमुक चौकात दीड मीटरवर दगडी फरशी लागते, म्हणून आम्ही लाइन डावीकडे घेतली’ हे वाक्य कुठल्याही नकाशावर नसतं.

पुण्याचंच घ्या. कात्रजचा पेशवेकालीन नळ शहरात येतो, त्याच्यावर ठरावीक अंतराने उच्छ्वास (हवेसाठीचे बांधीव झरोके) आहेत, आणि पेठांतल्या हौदांना जाणाऱ्या त्याच्या फाट्या आजच्या रस्त्यांखाली आहेत. या नळाचा मार्ग समोर ठेवल्याशिवाय मध्यवर्ती पेठांत केबल डक्टचा आराखडा काढणं म्हणजे मुद्दाम त्याच्यावर जाऊन आपटणं. नाशिकची जुनी मातीची गढी हे दुसरं उदाहरण. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या संकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि अहवाल छापून उपलब्ध आहे. अशा टेकाडाच्या आसपास संरक्षक भिंतीचा पाया घ्यायचा असेल तर मातीत काय आहे हे विचारायची गरजच नाही, वाचायची गरज आहे.

सगळंच जुनं प्राचीन असतं असंही नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी २०१७ मध्ये फरसबंदीखालून ट्रामचे रूळ निघाले. अशा गोष्टी कुठल्याही संरक्षित यादीत नसतात, पण निघाल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर काम तसंच अडतं.

रडारबद्दल एक शब्द. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार केलं की जमिनीखालचं सगळं दिसतं असा समज आहे. काळ्या चिकण मातीत, ओल्या भरावात आणि मुंबईच्या खाऱ्या पाण्याच्या भागात त्याचे संकेत लवकर विरतात. चित्र सुंदर येतं, अर्थ लागत नाही. रडारसोबत चाचणी खड्डे घ्याच, आणि ते नोव्हेंबर ते मे या काळात. जूननंतर खड्ड्यात पाणी साचतं आणि थर वाचता येत नाहीत. त्यातून बहुतेक शहरांत पावसाळ्यात रस्ते खोदाईला बंदी असते.

*तपासणी:* एका नकाशावर तीन रंग. लाल: नक्की काहीतरी आहे. पिवळा: शक्यता आहे. हिरवा: पूर्वीच खणून उलथापालथ झालेली जागा. हाच नकाशा निविदेला जोडायचा आहे.

टप्पा ४: कामाची व्याप्ती लिहा

इथे कॉपी-पेस्ट सर्वात जास्त चालतं. एका नगरपरिषदेच्या निविदेत समुद्रकिनाऱ्यावरच्या किल्ल्याची अट तशीच राहिली होती, गाव समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत. व्याप्ती स्वतः लिहा आणि तीन भागांत लिहा.

*पहिला भाग, अभ्यास.* कागदोपत्री अभ्यास, जागेची पाहणी, चाचणी खड्ड्यांची नोंद, परिणामांचा अहवाल आणि पर्यायी आखणी. ‘पर्यायी आखणी’ हे शब्द विसरू नका. ते नसतील तर सल्लागार धोका दाखवून मोकळा होतो, उपाय सांगत नाही.

*दुसरा भाग, परवानग्या.* कागदपत्रं तयार करणं, समितीसमोर सादरीकरण, शंकांना उत्तरं. विनियमित क्षेत्रातल्या कामाचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. कायद्याप्रमाणे त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, आणि मग एका महिन्यात निर्णय. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी साडेतीन महिने. तुमच्या बार चार्टमध्ये ‘एनओसी: ३० दिवस’ असेल तर तो आत्ताच खोडा.

*तिसरा भाग, जागेवरची देखरेख.* खोदाईच्या दिवसांत कोण, किती तास, कुठल्या पट्ट्यात हजर राहणार. लाल पट्ट्यात पूर्णवेळ, पिवळ्यात दररोज एक फेरी, हिरव्यात बोलावल्यावर २४ तासांत. हे आकडे व्याप्तीत असले पाहिजेत. ‘आवश्यकतेनुसार भेट’ असं लिहिलंत तर भेट फक्त बिलाच्या वेळी होते.

टप्पा ५: पात्रता आणि गुणांकन

बांधकामाच्या निविदेतून उचललेली उलाढालीची अट हा इथला सर्वात मोठा घोळ. ‘गेल्या तीन वर्षांत सरासरी पाच कोटींची उलाढाल’ ही अट घातली की राज्यातली जवळजवळ सगळी संवर्धन कार्यालयं बाहेर पडतात, कारण ती पाच-सात माणसांची असतात. आत राहतात त्या मोठ्या अभियांत्रिकी कंपन्या. त्या एका निवृत्त तज्ज्ञाचा बायोडेटा जोडतात आणि प्रत्यक्ष काम कालपरवा पास झालेल्या पोराकडून करून घेतात. पोराचा यात दोष नाही, त्याला जागेवर कोणी शिकवणारं नसतं.

उलाढालीची अट सल्ल्याच्या फीच्या प्रमाणात ठेवा आणि गुण माणसांना द्या. मी सुचवेन ते वजन असं:

- मुख्य तज्ज्ञाचा स्वतःचा अनुभव: ३० गुण. कंपनीचा नव्हे, त्या व्यक्तीचा.
- अशाच प्रकारच्या शहरी कामांचे दोन अहवाल, प्रत्यक्ष प्रतीसह: २५
- कामाची पद्धत, आपल्या लाल-पिवळ्या नकाशावर आधारलेली: २०
- मुलाखत आणि जागेवरची फेरी: २५

सर्वात कमी दराची निवड इथे वापरू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १९२ मध्ये गुणवत्ता आणि किंमत मिळून निवड करण्याची पद्धत आहे आणि गुणवत्तेचं वजन ८० टक्क्यांपर्यंत ठेवता येतं. महापालिकेला आपले लेखा नियम आणि राज्याचे खरेदीविषयक आदेश लागू असतात, त्यामुळे मुख्य लेखापालांचं मत निविदा काढण्याआधी घ्या, नंतर नको. ७०:३० किंवा ८०:२० असावं. ५०:५० ठेवलं तर ते नावाला वेगळं, प्रत्यक्षात सर्वात कमी दरच. पुरातत्त्व संचालनालयाची किंवा तुमच्या महापालिकेची नामिकासूची (आधीच निवडून ठेवलेल्या तज्ज्ञांची यादी) असेल तर त्यातून मर्यादित निविदाही काढता येते, पण सूची कधीची आहे ते बघा. दहा वर्षांपूर्वीच्या सूचीत निम्मे लोक निवृत्त झालेले असतात.

मुलाखतीबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी निवड तिथेच होते. सादरीकरणाच्या स्लाइड्स पाच मिनिटांत संपवा. मग एका खड्ड्याच्या कडेचा फोटो टेबलावर ठेवा. आपल्याच शहरातला, गेल्या वर्षीच्या केबल खोदाईचा चालेल. वर डांबर, खाली खडी, मग मुरूम, मग राखाडी माती, त्यात विटांचे तुकडे आणि तळाशी काळी माती. ‘सांगा काय दिसतंय.’ एका निवड समितीत असा फोटो ठेवला तेव्हा पहिल्या उमेदवाराने लगेच ‘यादवकालीन’ असं सांगून टाकलं. दुसऱ्या बाई फोटो हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारलं, ‘उत्तर दिशा कुठे आहे? मोजपट्टी का नाही लावली? आणि ही राखाडी माती डावीकडे खाली घुसलीय, तिथे जुना खड्डा आहे की तुमचीच जुनी पाइपलाइन?’ पाइपलाइनच होती. काम त्यांना मिळालं.

> सावधान: मुख्य तज्ज्ञाची सही असलेलं उपलब्धता-पत्र घ्या, त्यात जागेवरच्या किमान दिवसांचा आकडा हवा. माणूस बदलायचा असेल तर लेखी मंजुरी आणि तितक्याच गुणांचा बदली उमेदवार, ही अट करारात घाला. तसंच जो तज्ज्ञ तुमच्याच शहराच्या वारसा समितीवर आहे त्याला त्याच कामासाठी नेमू नका. स्वतःच्या अहवालावर स्वतःच निर्णय देणं कोणाच्याच हिताचं नाही.

टप्पा ६: फी कशी बांधायची

बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर फी देऊ नका. वाहिनीचा व्यास वाढला म्हणून पुरातत्त्वज्ञाचं काम वाढत नाही. आणि ज्याने आखणी बदलून तुमचे पैसे वाचवले त्याची फी कमी होते, हे तर उफराटंच.

अभ्यासासाठी ठोक रक्कम. देखरेखीसाठी माणूस-दिवसाचा दर. आणि अनपेक्षित काही सापडलं तर त्यासाठी वेगळा दिवस-दर, जो निविदेतच भरून घ्यायचा. हा तिसरा दर नसेल तर ऐन वेळी वाटाघाटी सुरू होतात, खड्डा उघडा, वाहतूक वळवलेली आणि स्थायी समितीची सभा पुढच्या महिन्यात.

हप्ते अहवाल सादर केल्यावर द्या, ना-हरकत मिळाल्यावर नव्हे. ‘४० टक्के रक्कम एनओसीनंतर’ असं लिहिलं की सल्लागाराला प्रतिकूल निष्कर्ष लिहायची सोयच राहत नाही. तुम्हाला अहवालात ‘काहीही आढळत नाही’ वाचायला मिळतं आणि मग ते पोकलेनच्या बकेटमध्ये आढळतं. बिलाला हजेरीपट आणि दैनिक नोंदवहीची प्रत जोडायला लावा.

टप्पा ७: मुख्य कंत्राटदाराच्या निविदेत जागा करा

सल्लागार कितीही चांगला नेमला तरी त्याचा अधिकार कंत्राटदाराच्या करारात लिहिलेला नसेल तर साइटवर त्याला कोणी विचारत नाही. म्हणून सल्लागाराचा कार्यादेश मुख्य निविदेच्या आधी हवा आणि ही कलमं त्याच्याकडून तपासून घ्यायला हवीत.

१. पुरातत्त्वज्ञाच्या तोंडी सूचनेवर त्या भागातली खोदाई लगेच थांबेल. अभियंत्याचा लेखी आदेश २४ तासांत येईल.

२. लाल पट्ट्यात खोदाई बिनदाती बकेटने, २०-२० सेंटिमीटरच्या थराने. गरज पडली तर हाताने. याचा दर वेगळा काढा. साध्या खोदाईच्या दरात कोणी हळू खणत नाही.

३. थांबलेल्या दिवसांसाठी मुदतवाढ आणि यंत्रसामग्रीचा ठरलेला दर, तात्पुरत्या तरतुदीतून. परदेशी कर्जाच्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना कराराच्या १९९९ च्या ‘लाल पुस्तक’ आवृत्तीत हे कलम ४.२४ आहे, २०१७ च्या आवृत्तीत ४.२३. कंत्राटदाराला वेळ आणि खर्च दोन्ही मिळतात. आपल्या सरकारी कामांच्या बी-१, बी-२ या निविदा नमुन्यांत ही तरतूद विशेष अटींमध्ये स्वतः घालावी लागते.

तिसऱ्या कलमाला लेखा विभाग हरकत घेतो: ‘थांबण्याचे पैसे का द्यायचे?’ उत्तर सरळ आहे. पैसे मिळणार नसतील तर कंत्राटदार थांबत नाही, रात्री भरून टाकतो. मी ज्या विभागात होतो तिथे एका मलनिस्सारण कामात पावणेदोन मीटरवर घडीव दगडांची पोकळी लागली. सल्लागार ‘एनओसी मिळवून देणे’ एवढ्यावर नेमलेला आणि दुसऱ्या शहरात. सुपरवायझरने दुपारी फोन केला, संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. सकाळी गेलो तर तिथे सहाशे मिलिमीटरचा पाइप बसलेला आणि वर मुरूम दाबलेला. त्या पोकळीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे, तोही तिरका.

टप्पा ८: पहिला फावडा पडण्याआधी आणि पडल्यावर

*आधी:* लगतच्या सगळ्या जुन्या इमारतींची सद्यस्थिती नोंदवा. प्रत्येक तडा, त्याची रुंदी, तारखेसह फोटो, मालकाची सही. हे नसेल तर काम संपल्यावर परिसरातला प्रत्येक तडा तुमचाच. मोठ्या तड्यांवर काचेची किंवा प्लास्टिकची तडा-मापकं लावा.

पायलिंग, ब्रेकर किंवा बोगदा असेल तर कंपनांची मर्यादा करारात आकड्यांत लिहा. जर्मनीचं डीआयएन ४१५०-३ हे प्रमाण संवेदनशील जुन्या इमारतींच्या पायाशी १० हर्ट्झच्या खाली कंपनाचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटर धरतं. स्फोटांसाठी आपल्याकडच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे निकष ऐतिहासिक वास्तूंना ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला २ मिलिमीटर सांगतात. कोणतं प्रमाण घ्यायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल; इशाऱ्याची पातळी मर्यादेच्या खाली ठेवा आणि मापकाचा एसएमएस कोणाकोणाला जातो ते लिहा. मुंबईत मेट्रो-३ चं काम चालू असताना २०१७ मध्ये जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीचा दगडी भाग पडला आणि विषय उच्च न्यायालयात गेला. असा वाद झाला की आधीच्या नोंदी कोणाकडे आहेत, हेच पहिल्यांदा विचारलं जातं.

*काही सापडलं तर,* हा क्रम मराठीत आणि हिंदीत छापून साइट ऑफिसच्या दारावर आणि पोकलेनच्या केबिनमध्ये लावा:

१. यंत्र थांबवा. बकेट तिथेच ठेवा, बाजूला रिकामी करू नका.
२. कडेने दोरी बांधा, वस्तू हलवू नका, धुऊ नका.
३. पुरातत्त्वज्ञाला फोन. न लागल्यास कनिष्ठ अभियंत्याला.
४. मोजपट्टी आणि उत्तर दिशा दाखवून फोटो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत.
५. ताडपत्री किंवा जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड) आणि वर बारीक वाळू. रात्रीसाठी पहारेकरी.
६. हाडं निघाली तर आधी पोलीस ठाणे. माणसाची की जनावराची, जुनी की नवी, हे आपण ठरवायचं नाही.
७. नाणी, दागिने, भांडं असं काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. त्या कायद्यातली किमतीची मर्यादा आजही दहा रुपये आहे, म्हणजे काहीही निघालं तरी कळवाच.
८. पंचनामा, आणि विभागीय पुरातत्त्व कार्यालयाला ईमेलसह पत्र.

पंढरपूरला मे २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचं काम चालू असताना फरशीखाली तळघर आणि मूर्ती निघाल्या, तेव्हा काही तासांत ती बातमी राज्यभर झाली. गर्दी आवरायला पोलीस, बोलायला एकच अधिकृत माणूस आणि माध्यमांना द्यायचं दोन ओळींचं निवेदन आधीच तयार ठेवा. गावात देऊळ असेल तर विश्वस्तांचा नंबरही.

*तपासणी:* कामाच्या पहिल्या आठवड्यात एकदा खोटा सराव करा. खड्ड्यात जुनी परात पुरा आणि बघा. ऑपरेटर थांबतो का, फोन किती वेळाने येतो. एका ठिकाणी परात सापडली आणि मुकादमाने ती दुपारच्या डब्याला वापरली. पोस्टर बदललं, इंग्रजी काढून टाकलं, पुढच्या वेळी फोन आला.

टप्पा ९: अंतिम बिलाआधी काय ताब्यात घ्यायचं

गुळगुळीत कागदावरच्या रंगीत अहवालाने खूश होऊ नका. मूळ कच्चा डेटा घ्या: सगळे फोटो मूळ आकारात, रेखाटनं संपादन करता येतील अशा फाइलमध्ये, स्कॅन केलं असेल तर त्याचे बिंदू-संच (स्कॅनरने मोजलेल्या बिंदूंच्या फाइल), दैनिक नोंदवह्यांच्या प्रती, आणि खड्ड्यांची ठिकाणं महापालिकेच्या जीआयएसवर (संगणकीय नकाशावर) टाकता येतील अशी. मालकी हक्क महापालिकेचे, तज्ज्ञाला अभ्यासासाठी प्रकाशनाची मुभा, हे करारात आधीच असावं.

सापडलेल्या वस्तूंची नोंदवही वेगळी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, खोली, दिनांक आणि शेवटच्या रकान्यात ती कोणाच्या ताब्यात दिली त्याची सही-शिक्क्याची पोच. खापरांची पोती विभागाच्या गोदामात ‘नंतर बघू’ म्हणून पडलेली असतात आणि पुढच्या बदलीत भंगारात जातात. पोचेचा रकाना भरल्याशिवाय अंतिम बिलावर सही करू नका. अनामत रक्कमही त्याच्याशीच बांधा. आणि नवी माहिती भरलेला तो लाल-पिवळा-हिरवा नकाशा रस्ते, पाणीपुरवठा आणि विद्युत या तिन्ही विभागांना पाठवा, कारण त्याच रस्त्यावर पुढची खोदाई त्यांचीच असते, बहुधा डांबरीकरण झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात.